बर्फी आणि तांबडी माती

'हम आपके हैं कौन'मधला (१९९४) टफी आठवतोय? आपण सर्रास ज्याला 'पॉमेरियन' म्हणतो, तो बहुतेकदा त्याच्यासारखा इंडियन स्पिट्झ असतो. आमची बर्फीही त्यातलीच. मे महिन्यात तिला पुण्याहून रेडीला आजीकडे आणलं आणि दोन दिवसांत बाईसाहेबांचा रंगच बदलला. लोहखनिजाच्या खाणींचं गाव हे. इथला द्विभुज गणपतीही १९७६ साली खाणीतच सापडला. तांबडी माती पंजांना, पोटाला, अगदी मिशांनासुद्धा!

शेजारच्या काकींचा सल्ला एकच. "गो बाय, भादरून टाक ते केस. गरमीन मरतलां ता!"

काळजी खरी, उपाय चुकीचा. स्पिट्झला दुहेरी कोट असतो. वरचे लांब केस भादरले की ऊन थेट कातडीवर, आणि ते पुन्हा पहिल्यासारखे येतीलच असं नाही. त्यापेक्षा आतली गळणारी मऊ लोकर विंचरून काढली की हवा खेळते.

म्हणून रोज संध्याकाळी पडवीत आमचं ब्यूटी पार्लर. आधी कोरडी माती ब्रशने झटकायची (ओली केलीत तर चिखल!). मग कानांमागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधायच्या. हे नटणं-मुरडणं नव्हे. गोचीडताप कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. सापडली की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल-बिकेल अजिबात नाही.

आजीने आयुष्यात कुत्र्याला उंबरठा ओलांडू दिला नव्हता. हल्ली चष्मा लावून बेचके तीच तपासते. काल म्हणाली, "माझ्या डोक्यातल्यो उवो पण इतक्या मायेन कोणी बघूक नाय!"