बाटलीवरचं इंग्रजी

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. दहावी कशीबशी निघाली, आणि इंग्रजी शाळेतच ठेवून मी वावरात आलो.

पुढं एका साली कीटकनाशक समजून कपाशीवर तणनाशक मारलं. दोन्ही बाटल्यांवर शेवटी 'साइड' लिहिलेलं. मी तेवढंच वाचलं. चार दिवसांत पानं आकसली. दीड एकर गेलं. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

ईर्ष्येनं जाडजूड डिक्शनरी आणली अन् 'ए'पासून पाठ करायला बसलो. आठवड्यात सगळं पुसलं. वापरायचं कुठं होतं?

नात म्हणाली, "आबा, रोज हातात येतं तेवढंच शिका की."

मग वहीत बाटलीवरचे पाच-पाच शब्द उतरवले. इन्सेक्ट म्हणजे किडा, हर्ब म्हणजे झाडपाला, साइड म्हणजे मारणारं. लाल त्रिकोणाजवळ पॉयझन, निळ्याजवळ डेंजर, हिरव्याजवळ कॉशन. डोस, एक्स्पायरी. फवारा मारताना तेच घोकायचं.

बी ओलीत पडलं तरच उगवतं. आता फवारणीआधी गल्लीतली पोरं बाटली घेऊन ओट्यावर येतात, "आबा, एवढं वाचा."

मी चष्मा पुसतो, आधी 'साइड'च्या अलीकडचं वाचतो.