प्रक्षेप आणि प्रक्षेपक

पाठचिकित्सेच्या शास्त्रात ‘प्रक्षेप’ हा शब्द जवळजवळ आरोपासारखा वापरला जातो. मूळ कवीच्या रचनेत मागाहून कोणी घातलेली ओवी, कडवे, क्वचित संपूर्ण आख्यान यांना आपण प्रक्षेप म्हणतो आणि ते ओळखून बाजूला काढणे हे संपादकाचे पहिले कर्तव्य समजतो. परिभाषा घडविणाऱ्यांनी ‘प्रोजेक्टर’साठी ‘प्रक्षेपक’ हा शब्द योजला, तेव्हा हा अर्थ त्यांच्या मनात नसावा. फेकणे हा धात्वर्थ दोन्हीकडे एकच. परंतु एक प्रकाश फेकतो आणि दुसरा स्वतःची ओवी दुसऱ्याच्या ग्रंथात. ज्यांच्या हाताखाली मी संशोधन केले त्या माझ्या सरांना हा योगायोग फार आवडे. आयुष्याची चाळीस वर्षे प्रक्षेप हुडकण्यात घालविल्यावर ब्याऐंशीव्या वर्षी प्रक्षेपक घरी आणावा लागला, असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

तो आणावा लागला याचे कारण त्यांचे डोळे. २००८ च्या आधी दोन-तीन वर्षे त्यांच्या नेत्रपटलाचा मध्यभाग निकामी होत चालला होता. या विकारात माणूस आंधळा होत नाही. दृष्टीच्या कडा शाबूत राहतात, फक्त जेथे पाहावे तेथेच काही दिसत नाही. “शब्दाकडे पाहिले की शब्द नाहीसा होतो आणि शेजारच्या कोऱ्या जागेकडे पाहिले की तो तेथे असल्याची चाहूल लागते,” असे त्यांनी मला एकदा सांगितले. डोळ्याच्या कडेला बारकाव्याची जाण कमी असते. त्यामुळे कडेने वाचायचे तर अक्षर पुष्कळ मोठे हवे. भिंगे झाली, मोठ्या टंकातील प्रती झाल्या. छापील मजकूर कोणीही वाचून दाखवू शकतो. परंतु हस्तलिखित वाचून दाखविता येत नाही. वाचणारा जे वाचतो ते त्याचे वाचन असते, पोथी नव्हे.

बाजारातील तयार प्रक्षेपक निवृत्तिवेतनाच्या आवाक्यात नव्हता. शिवाय त्याचा दिवा काही हजार तासांत जातो आणि नवा दिवा घेताना यंत्राच्या किमतीचा मोठा भाग पुन्हा मोजावा लागतो. माझा भाचा तेव्हा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. तो म्हणाला, “मामा, यंत्र विकत कशाला घ्यायचं? एक बिघडलेला मॉनिटर मिळाला की झालं.” या वाक्यावर विश्वास ठेवण्याइतके यंत्रज्ञान मला नव्हते, पण अविश्वास दाखविण्याइतकेही नव्हते.

आपल्याकडे या उद्योगाला चांगली वंशपरंपरा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने चित्रदीपाचे खेळ केले. काचेवर हाताने रंगविलेली रामायण-महाभारतातील चित्रे ते दिव्याने पडद्यावर मोठी करून दाखवीत, आणि पुढे त्यांच्या मुलांनी तो व्यवसाय चालविला. शांबरी म्हणजे माया. या नावात जी ऐट आहे ती ‘प्रक्षेपक’ या शब्दात नाही, हे मान्य करावे लागते. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी तर चित्रपटाचा कॅमेराच स्वतः घडविला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. मराठी चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कथानकांकडे जेवढे लक्ष दिले तेवढे या सुतारकामाकडे दिलेले नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी लोखंड, घड्याळे, पुस्तके यांच्या ढिगांत संगणकाचे अवशेषही विकायला येतात. तेथे भाच्याने पंधरा इंची चपटा मॉनिटर निवडला. विक्रेत्याने प्रामाणिकपणे ‘डेड आहे’ म्हणून सांगितले. भाच्याने तो चालू करायला लावला आणि काळ्या काचेवर विजेरीचा झोत तिरपा धरला. झोताच्या वर्तुळात अगदी फिकट, पाण्याखाली असावे तसे चित्र दिसत होते. म्हणजे मेला होता तो मागचा दिवा; चित्र जिवंत होते. या जातीच्या मॉनिटरमध्ये चित्राला स्वतःचा उजेड नसतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. मागे नळीसारखे दिवे असतात, पुढे द्रवरूप स्फटिकांचा पातळ थर दोन काचांत कोंडलेला असतो, आणि तो थर एवढेच काम करतो की कोठे किती उजेड अडवायचा ते ठरवितो. पांढरा उजेड मागून टाकला तर त्याच्या शंभर भागांपैकी नव्वदाहून अधिक तेथेच अडतो. उरलेल्यातून चित्र होते.

घरी मॉनिटर उकलला गेला. पाठीमागचा पत्रा, जळलेल्या नळ्या आणि उजेड पसरविणारे पांढरे कागद दूर झाले, आणि खाली लोंबत्या फितींसह एक पारदर्शक काच राहिली. तिच्या पुढच्या अंगाला चकाकी मारणारा खरखरीत पापुद्रा असतो. त्यातून गेलेले चित्र भिंतीवर धुरकट होते. ओले फडके रात्रभर काचेवर पसरून सकाळी तो पापुद्रा एका कोपऱ्यातून सोलायचा. जोर अधिक झाला तर खालचा ध्रुवणपटल निघून येतो आणि सगळेच संपते. सरांनी हे ऐकले तेव्हा ते म्हणाले, “चिकटलेल्या पोथीची पाने आम्ही अशीच सोडवीत असू. फडके जास्त ओले नको, एवढे त्याला सांगा.” तो निरोप मी पोहोचविला, आणि भाच्याने तो मानला.

भिंगासाठी फार हिंडावे लागले नाही. एके काळी प्रत्येक महाविद्यालयाने ओव्हरहेड प्रोजेक्टर घेतले होते. उजळणी वर्गांत त्यांच्यावर पारदर्शिका ठेवून काव्यशास्त्राचे तक्ते दाखविले जात आणि श्रोते अंधाराचा यथायोग्य उपयोग करीत. ती यंत्रे आता भंगारात निघत होती. त्यातले एक मिळाले. त्याच्या काचेखाली फ्रेनेलचे भिंग असते: बारीक वलये कोरलेला प्लास्टिकचा चपटा पत्रा, जो जाड भिंगाचे काम करतो. ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही युक्ती दीपगृहांसाठी काढली आणि १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात ती प्रथम वापरली गेली. समुद्रावरच्या गलबतांसाठी शोधलेली ही युक्ती सदाशिव पेठेतल्या माडीवर पोथीसाठी कामाला आली.

पहिला प्रयोग सोपा होता: मॉनिटरची काच सरळ त्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर आडवी ठेवायची. भिंतीवर पान उमटले. सर काही बोलण्यापूर्वीच पानाच्या मध्यावर एक काळा डाग दिसू लागला आणि तो शाई सांडल्यासारखा पसरत गेला. दिवा बंद केला. काही मिनिटांत काच निवली आणि डाग आपोआप नाहीसा झाला. १८८८ मध्ये प्रागमध्ये फ्रीड्रिख राइनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाने गाजरातून मिळविलेल्या एका संयुगाला दोन वितळणबिंदू असल्याचे पाहिले होते: १४५.५ अंशांना ते गढूळ द्रव होई आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकदम निवळे. त्या दोन अंकांच्या मधली अवस्था म्हणजे द्रवरूप स्फटिक. मॉनिटरमधली द्रव्ये वेगळी असतात आणि ती पुष्कळ कमी तापमानाला निवळतात. निवळली की उजेड वळविण्याचा त्यांचा गुण जातो आणि काच काळी पडते. आमच्या पानावर नेमके तेच झाले होते.

मग प्लायवूडची पेटी झाली. आतून फळ्याचा काळा रंग, तळाशी मैदानांवर लावतात तसला मेटल हॅलाइडचा दिवा, त्याचा चोक आणि इग्नायटर तपकीर गल्लीतून, जुन्या संगणकांचे तीन पंखे. फ्रेनेलचे दोन पत्रे एकमेकांना जोडलेले असतात ते वेगळे करून एक काचेच्या मागे आणि एक पुढे बसविला, मध्ये वाऱ्याला जागा ठेवली. काच उलटी, म्हणजे चित्र सुलटे. बत्तीस सेंटिमीटर नाभ्यंतराचे भिंग काचेपासून सुमारे छत्तीस सेंटिमीटरवर ठेवले की तीन मीटरवरच्या भिंतीवर चित्र आठपटीहून थोडे अधिक मोठे होते. पोथीचे एक पान अडीच मीटर रुंद. पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीची आठवण करून देई. वीज गेली तर ती आल्यावरही गरम दिवा लगेच पेटत नसे, तो निवेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे अंधारात बसावे लागे. त्या अंधारात सरांनी मला जे सांगितले ते त्यांच्या कोणत्याही लेखात नाही. परंतु तो या लेखाचा विषय नव्हे.

विषय आहे तो एका ओवीचा. सरांनी तरुणपणी संपादिलेल्या आख्यानकाव्यातील एक ओवी त्यांनी प्रक्षिप्त ठरवून परिशिष्टात टाकली होती. उपलब्ध तीन पोथ्यांपैकी दोहोंत ती नव्हती आणि तिसरीत, एका मठातल्या पोथीत, ती समासात बारीक अक्षरात होती. ती पोथी बाहेर देत नसत. सरांनी काम केले ते मठातच कोणी करून दिलेल्या नकलेवरून. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर एका जाणत्या अभ्यासकांनी त्या ओवीची बाजू घेतली. सरांनी उत्तर दिले, आणि ते उत्तर, आज वाचतानाही अंगावर येते इतके, तिखट होते. दोघांचे बोलणे थांबले. ते गृहस्थ १९९१ मध्ये वारले.

मठाने आता पानांची छायाचित्रे घेऊ दिली होती. त्या रात्री ते पान भिंतीवर आले तेव्हा सर खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेले. त्यांची सावली ओळींवर पडली. ते बाजूला सरकले, मान वळवून खिडकीकडे पाहू लागले, म्हणजे पान त्यांना दिसू लागले. या पोथीच्या लेखकाने चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासला आहे. आमच्या दिव्याच्या हिरवट छटेत त्याचा पिवळा रंग लिंबाच्या कच्च्या सालीसारखा दिसत होता. बराच वेळ ते ओळीवरून बोट फिरवीत राहिले. मग त्यांनी मला बोलावले. दोन ओव्यांच्या मध्ये, दंडाच्या डोक्यावर, एक काकपद होते: गळलेला मजकूर समासात आहे असे सांगणारी ती कावळ्याच्या पायासारखी खूण. नकलेत तिचा उल्लेख नव्हता. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखविली. आधीची ओवी ज्या शब्दाने संपते त्याच शब्दाने समासातली ओवीही संपते. लिहिणाऱ्याची नजर एका शब्दावरून दुसऱ्यावर घसरली, मधली ओवी गळली, आणि लक्षात येताच त्याने ती समासात भरली.

काकपद मागाहून दुसऱ्यानेही काढलेले असू शकेल, असे मी म्हटले. “म्हणून तर ‘झ’ पाहा,” ते म्हणाले. ओळीतला ‘झ’ आणि समासातला ‘झ’ एकाच वळणाचे होते. मी संगणकावर ते अक्षर आणखी मोठे केले. आता अक्षराऐवजी चौकोन दिसू लागले. छायाचित्रात जेवढे आहे त्याहून अधिक प्रक्षेपक देऊ शकत नाही. पुढच्या महिन्यात मी मठात जाऊन मूळ पान पाहिले. शाई तीच दिसली. परंतु शाई तीच दिसणे हा पुरावा नव्हे, हे मला त्यांनीच शिकविले होते, आणि मी तसे त्यांना सांगितले. उरलेल्या दोन पोथ्या या पोथीच्याच वंशातल्या असाव्यात, असे त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत लिहून ठेवले होते. समासातले बारीक अक्षर त्यांच्या लेखकांनी सोडले असणार. त्यांचा निर्णय झाला होता. “त्यांना कळवायला हवे होते,” एवढेच ते म्हणाले. कोणाला, ते विचारण्याची गरज नव्हती.

त्यांनी दीड पानांचे टिपण मला सांगून लिहविले. त्यात त्या दिवंगत अभ्यासकांचे नाव पहिल्याच वाक्यात घेतले, त्यांचे मत ग्राह्य असल्याचे म्हटले, आणि स्वतःच्या जुन्या उत्तरातला पुरावा व भाषा अशा दोन्ही गोष्टी मागे घेतल्या. मी ‘भाषा’ हा शब्द गाळावा असे सुचविले. त्यांनी तो ठेवला. शेवटी, हे पान घरी बनविलेल्या प्रक्षेपकाच्या साह्याने पाहिले, अशी नोंद केली आणि भाच्याचे आभार मानले. टिपण एका नियतकालिकात छापून आले तेव्हा मुद्रितशोधकाने तेथे ‘प्रकाशकाच्या साह्याने’ अशी सुधारणा केली होती. मी शुद्धिपत्र पाठवायला निघालो. सरांनी अडविले, पुढच्या संपादकांना काही काम राहू द्या, म्हणाले.

उन्हाळ्यात तो दिवा गेला. भाच्याने नवा बसविला, आणि सरांनी पोथी पहिल्या प्रसंगापासून पुन्हा वाचायला घेतली. आठवड्यातून तीन रात्री, खिडक्यांना घोंगड्या लावून, आम्ही सातव्या प्रसंगापर्यंत आलो होतो.