पानिपत नावाचं एक गाव

प्रत्येक वाचणाऱ्याची एक खोड असते. कुणी एकच लेखक धरून वाचतो, कुणी शेवटचं पान आधी वाचून घेतं, कुणाला जेवताना ताटाशेजारी पुस्तक लागतंच. माझी खोड आहे गाव धरून वाचायची. एखाद्या गावाचं नाव मनात बसलं, की त्या गावाबद्दल मिळेल ते गोळा करायचं. कादंबरी, इतिहास, आठवणी, तिथल्याच कुणी लिहिलेलं काहीही. ज्या गावानं मला सगळ्यात जास्त दिवस धरून ठेवलं, ते मात्र महाराष्ट्रात नाही. ते हरयाणात आहे, दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर. पानिपत!

हा शब्द आपल्या घरातच लहानाचा मोठा होतो. गणिताच्या पेपरात मुलाचं पानिपत होतं, निवडणुकीत पक्षाचं होतं, पंगतीत जिलेबी कमी पडली तर यजमानाचंही होतं. शब्द इतका घासून गुळगुळीत झालाय, की त्या नावाचं एक गाव आहे, तिथं सकाळी दूधवाला येतो, मुलं शाळेत जातात, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

माझ्या आठवीतल्या भाच्यानं दिवाळीच्या सुटीत विश्वास पाटलांची 'पानिपत' वाचून काढली. पुस्तक मिटल्यावर दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मावशी, त्या गावातल्या लोकांचा आपण राग धरायचा का गं?"

'असं बोलू नये' म्हणून त्याला गप्प करणं सोपं होतं. पण राग असा दटावून जात नाही, आत जाऊन बसतो. म्हणून उपदेशाऐवजी त्याला पुस्तकंच द्यायचं ठरवलं. तीच यादी इथं देते आहे. कुणाच्या घरात असाच एखादा भाचा असेल, तर उपयोगी पडेल.

सुरुवात कादंबरीनंच करावी. राजहंस प्रकाशनाची ही कादंबरी १९८८ साली आली आणि तेव्हापासून घरोघर वाचली जाते आहे. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव ही तसबिरीतली माणसं तिनं घरातली करून टाकली. पण कादंबरीकाराला मोकळ्या जागा कल्पनेनं भराव्या लागतात, तो त्याचा हक्कच आहे. म्हणून तिच्या जोडीला एक इतिहास वाचावा.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा 'पानिपत १७६१' हा तो ग्रंथ. तो आधी इंग्रजीत, १९४६ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडून निघाला. मराठीत १९६१ मध्ये आला. गोष्टीसारखा तो भरभर वाचता येत नाही. मी रोज रात्री दहाच पानं वाचायची, हातात पेन्सिल आणि शेजारी उत्तर हिंदुस्थानचा नकाशा. यमुना कुठं, कुंजपुरा कुठं, हे बोटानं पाहिलं की कळतं, रसद तुटणं म्हणजे काय. १४ जानेवारी १७६१ ला आपली माणसं लढायला बाहेर पडली, ती आधीच उपाशी होती.

तिसरं पुस्तक अगदी लहान. नाना फडणवीसांचं आत्मचरित्र. पुढं साऱ्या हिंदुस्थानात ज्याच्या बुद्धीचा दरारा होता, तो माणूस त्या दिवशी १९ वर्षांचाही नव्हता. आई आणि बायको सोबत होत्या. त्या पळापळीत आई कायमची दुरावली. मोठ्या ग्रंथांत सैन्याचे आकडे असतात. इथं आई हरवलेला एक मुलगा आहे. भाच्याला सगळ्यात आधी हेच पटलं.

चौथी, काशीराजाची हकिगत. हा मूळचा दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरीला अयोध्येच्या शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे अब्दालीच्या गोटात. त्यानं लढाई पलीकडून पाहिली आणि पुढं फारसीत लिहून ठेवली. इकडे इब्राहिमखान गारदी मराठ्यांसाठी प्राणपणानं लढला, तिकडे आपल्याच मुलखातला काशीराज शत्रूकडे कारकुनी करत होता. राग धरायचा तर नेमका कुणाचा, असा प्रश्न इथं वाचणाऱ्याला आपोआप पडतो.

आता राहिलं खुद्द गाव. दोन्ही फौजा अडीच महिने या गावाच्या उंबऱ्याशी तळ देऊन होत्या. गावकऱ्यांना कुणी विचारून लढाई केली नव्हती. याच गावात १८३७ साली अल्ताफ हुसेन हाली जन्मले. गालिबचे शिष्य आणि त्याचे चरित्रकार. त्यांनी 'मुनाजात-ए-बेवा' नावाची एक दीर्घ कविता लिहिली. बालविधवेनं देवाकडे मांडलेलं गाऱ्हाणं, साध्या, बायकांच्या बोलीत. ज्या गावाच्या रणात आपल्याकडच्या कितीतरी जणींचं कुंकू पुसलं, त्याच गावच्या कवीनं विधवेचं दुःख शब्दांत आणावं! हाली वाचताना शेजारी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ठेवा. यमू आणि हालींची ती विधवा एकमेकींच्या बहिणी वाटतील.

हालींचे पणतू ख्वाजा अहमद अब्बास. हेही पानिपतचेच, जन्म १९१४ चा. ते मुंबईत आले, पत्रकार झाले आणि राज कपूरसाठी 'आवारा' आणि 'श्री ४२०' लिहून गेले. त्यांचं आत्मचरित्र इंग्रजीत आहे, 'आय ॲम नॉट ॲन आयलंड', १९७७ चं. त्यात पानिपतच्या गल्ल्यांमधलं बालपण आहे.

एवढं वाचल्यावर एकदा दिल्लीला गेले असताना एक दिवस काढून पानिपतला जाऊन आले. काळ्या आंब्याचं झाड आता नाही, त्या जागी स्मारकाचा स्तंभ आहे. दर १४ जानेवारीला मराठी माणसं तिथं जमतात. गावात कलंदराच्या दर्ग्याच्या आवारात हालींची कबर पाहिली. बाजारात जिकडेतिकडे ब्लँकेटं, चादरी, सतरंज्या. दुकानदार म्हणाला, त्याचे आजोबा १९४७ साली पश्चिम पंजाबातून नेसत्या कपड्यांनिशी इथं आले. हालींच्या गावातले बहुतेक मुसलमान तेव्हा गाव सोडून गेले होते. म्हणजे आज तिथं राहणाऱ्या पुष्कळ घरांमागे त्यांचं स्वतःचं एक पानिपत आहे. मी त्याच्याकडून एक चादर घेतली. भाच्याच्या पलंगावर आता तीच असते.

ही सगळी पुस्तकं विकत घ्यायला हवीत असं नाही. जवळच्या वाचनालयात बहुतेक मिळतात. जुनी असतील तर ग्रंथपालांना चिठ्ठी देऊन ठेवावी. एका महिन्यात एकच घ्यावं. आणि 'भाऊसाहेबांची बखर' मिळाली, तर ती मनात न वाचता जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावी. तिची मराठी कानांसाठीच आहे. आमच्याकडे वाचायचं काम भाच्याकडे आहे, आणि सध्या तो कुंजपुऱ्यापर्यंत आलाय.