काडी आणि कैची

गेल्या पावसाळ्यात आमच्या नाशिकच्या धर्मग्रामातील काही तरुण-तरुणींना आम्ही एका कामासाठी एकत्र केले. सुट्टीच्या दिवसांत त्यांनी वाड्या-वस्त्यांवर जाऊन मुलांना विज्ञान समजावून द्यावे, अशी योजना होती. त्यांना शिकवायचे कोणी, हा प्रश्न आमच्या मनाला शिवलाही नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान घोटलेल्या आणि पंचवीस वर्षे प्रवचने दिलेल्या माणसाला समजावून सांगण्याचे काय अवघड?

पद्धत मात्र आम्ही अरविंद गुप्ता यांची घेतली. आय.आय.टी. कानपूरचे हे अभियंते पुण्यात टेल्कोत नोकरीस असता, १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्या भांडवलावर त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे २००३ ते २०१४ या काळात पुण्याच्या 'आयुका'मधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी घडविली. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्सप्लोरेटोरियम' या १९६९ साली उघडलेल्या संग्रहालयातही प्रेक्षकांना प्रयोग दाखविण्याचे काम शाळकरी वयाच्या मुलांकडेही सोपविले गेले आहे.

पहिल्या रविवारी सरावासाठी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले बोलाविली. गूल खरडलेल्या काड्या, नळीचे तुकडे, भोक पाडावयास बाभळीचा काटा. त्रिकोण दाबला तरी हलेना; चौकोन मात्र लगेच कलंडे. पाचवीतील एका मुलीने पंचकोन केला व विचारले, "फादर, हा उभा का राहत नाही?"

आम्ही दहा मिनिटे सविस्तर उत्तर दिले. उत्तर अचूक होते. मुलीने काड्या खाली ठेवल्या आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली.

सर्व पांगल्यावर द्राक्षांच्या पॅकिंगला जाणारी एक तरुणी संकोचून म्हणाली, "फादर, तिला आणखी दोन काड्या हव्या होत्या. तुम्ही उत्तर दिलंत."

खरे सांगायचे तर राग आला. मागे बाक दुरुस्त करीत बसलेले वृद्ध सुतारकाका तेवढ्यात गालांत हसले. "वर बघा की, फादर," ते म्हणाले. वर छपराची लाकडी कैची होती, सगळी त्रिकोणांचीच. तिच्याखाली उभे राहून आम्ही किती भाषणे केली असतील, देव जाणे. मान वर करून पाहिले नव्हते.

दुसऱ्या रविवारी त्या तरुणीने मुलीपुढे पंचकोन ठेवला आणि काड्यांची पेटी सरकवली. बोलली काहीच नाही. वीस मिनिटे गेली. आम्ही हात पाठीशी बांधून उभे. दोनदा ओठांवर आलेले उत्तर तिने नुसत्या नजरेने परतविले. अखेर दोन काड्या आत बसल्या, तीन त्रिकोण झाले. मुलीने आकृती बोटांनी दाबून पाहिली, पुन्हा दाबली, आणि मग ती छपराकडे पाहू लागली.