तुटण्याचे शब्द

जर्मन तांत्रिक मजकुराचे इंग्रजीत भाषांतर करणे हा माझा व्यवसाय आहे आणि तो मी परभणीत बसून करतो, असे सांगितले की ऐकणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: मग यात मराठी कुठे येते? कागदावर ती कुठेच येत नाही. पण या व्यवसायातला सर्वांत महत्त्वाचा धडा मला मराठीखेरीज कळला नसता, म्हणून हे टिपण.

गोष्ट वीसएक वर्षांपूर्वीची. पुण्याहून जर्मन शिकून मी नुकताच परतलो होतो. एका साखर कारखान्यात ऐन गळीत हंगामात गिअरबॉक्सचा शाफ्ट तुटला. यंत्र जर्मन बनावटीचे. तुकडे तिकडच्या प्रयोगशाळेत गेले आणि काही आठवड्यांनी चार पानी अहवाल आला. तो तातडीने इंग्रजीत हवा होता. मी एका रात्रीत करून दिला. हाताशी एक सर्वसाधारण शब्दकोश होता आणि आत्मविश्वास त्या कोशाहून जाड होता.

अहवालात दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते: 'डाउअरब्रुख' आणि 'रेस्टगेवाल्टब्रुख'. 'ब्रुख' म्हणजे भंग. 'डाउअर' म्हणजे कालावधी, सातत्य. त्यावरून मी पहिल्याचे 'पर्मनंट फ्रॅक्चर' केले. जणू एरवी तुटलेला शाफ्ट आपोआप सांधला गेला असता! 'गेवाल्ट' म्हणजे बळ, आणि हिंसाही. मी 'व्हायलंट फ्रॅक्चर' लिहिले. 'रेस्ट' म्हणजे उरलेला; या उपपदाचा अर्थ लागेना, म्हणून मी ते गाळून टाकले.

कारखान्यात ज्यांनी भाषांतर वाचले, त्यांच्या डोळ्यांत तो 'व्हायलंट' शब्द भरला. कोणीतरी यंत्राशी दांडगाई केली, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि त्या रात्रपाळीच्या फिटरला घरी बसवण्यात आले. मला हे पंधरा दिवसांनी कळले, तेही त्याच्याच तोंडून. तो पत्ता शोधत घरी आला. चहा पुढे केला, तो त्याने घेतला नाही. म्हणाला, "सर, त्या जर्मनीवाल्यांनी खरंच असं लिवलंय का, की मी ठोकठाक केली म्हनून?"

मी मूळ अहवाल पुन्हा काढला. त्या रात्री ज्यांच्याकडे पाहिलेही नव्हते, ती छायाचित्रे आता दोघांनी मिळून पाहिली. तुटलेल्या शाफ्टच्या तोंडावर एका कडेपासून निघालेल्या, एकामागे एक वळत गेलेल्या बारीक रेषा होत्या. त्यांनी जवळजवळ सगळे तोंड व्यापले होते. दुसऱ्या कडेला थोडासाच भाग खडबडीत होता. रेषांना जर्मनमध्ये 'रास्टलीनिएन' म्हणतात. 'रास्ट' म्हणजे विसावा. तडा पुढे सरकतो, भार उतरला की थांबतो, पुन्हा सरकतो. त्या थांब्यांच्या या खुणा. इंग्रज त्यांना 'बीच मार्क्स' म्हणतात, किनाऱ्यावर लाटेने मागे ठेवलेल्या रेषांवरून. आमच्याकडे समुद्र नाही. पण गंगाखेडला गोदावरीचा पूर ओसरताना, म्हणजे आमच्या भाषेत गंगा उतरताना, गाळावर ज्या रेषा राहतात, त्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पाणी कुठे कुठे थांबले, ते त्यावरून वाचता येते. फिटर फोटोकडे बघत म्हणाला, "म्हंजे लई दिसापासून चिरत आलं होतं. लोखंड शिनलं होतं."

'डाउअरब्रुख'चा अर्थ हाच. वारंवार येणाऱ्या भाराखाली हळूहळू होणारा भंग. इंग्रजीत 'फटीग फ्रॅक्चर'. आणि 'रेस्टगेवाल्टब्रुख' म्हणजे तड्याने बहुतेक शाफ्ट खाऊन झाल्यावर जो अंश शिल्लक राहिला, त्याला नेहमीचा भारही पेलवेना, म्हणून तो एका क्षणात तुटला तो भाग. हा भाग लहान असेल, तर त्या वेळी शाफ्टवरचा भार फारसा नव्हता, असे अनुमान निघते. तडा सुरू झाला होता चावीसाठी कापलेल्या खाचेच्या धारदार कोपऱ्यातून. तो कोपरा गोलसर करायला हवा होता. म्हणजे दोष घडणीत होता. माणसाला निर्दोष ठरवणारा पुरावा 'रेस्ट' या उपपदातच होता, आणि नेमके तेच मी गाळले होते.

त्यानंतर मी या शब्दांचा इतिहास वाचू लागलो. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला, आणि चांगले दिसणारे लोखंड अचानक का तुटते, हा प्रश्न सर्वांपुढे आला. १८५४मध्ये ब्रेथवेट या इंग्रज अभियंत्याने आपल्या निबंधाच्या शीर्षकातच 'फटीग' हा शब्द वापरला. जर्मनीत आउगुस्ट व्योलर या रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १८७०मध्ये निष्कर्ष मांडले: एका झटक्यात तोडायला जेवढा भार लागतो, त्याहून कितीतरी कमी भार पुरेशा वेळा आला तरी धातू तुटतो. जर्मनमध्ये थकव्यासाठी 'एरम्युडुंग' हा शब्दही आहे, पण 'डाउअरब्रुख'मध्ये थकवा नाही, काळ आहे. इंग्रजी शब्द धातूकडे पाहतो, हा जर्मन शब्द घड्याळाकडे. ३ जून १९९८ रोजी एशेडे येथे जर्मनीची वेगवान गाडी घसरून १०१ माणसे गेली, तीही एका चाकाची पोलादी धाव अशाच भंगाने तुटल्यामुळे.

हे वाचताना वडील आठवत. ते पूर्णा जंक्शनवर, मीटरगेजच्या काळात, गाडी थांबली की लांब दांड्याच्या हातोडीने चाके ठोकत जात. खणखणीत नाद आला की पुढे. बद्द आवाज आला की कंदील खाली धरून बघत. व्योलरचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. काम मात्र त्याच्याच प्रश्नावर चालू होते.

मी सुधारित भाषांतर आणि चूक कबूल करणारे पत्र कारखान्याला दिले. फिटर कामावर परत गेला. मधल्या दिवसांचा पगार मिळायला त्याला बरेच खेटे घालावे लागले. ते खेटे माझ्या खात्यावर आहेत, असे मी मानतो.

आता असा अहवाल आला की मी आधी छायाचित्रे मागवतो. ती पाहून काय झाले असावे, हे मनातल्या मनात मराठीत सांगून बघतो, आणि तिथे अडखळलो तर इंग्रजी वाक्य लिहीत नाही. उशीर होतो, गिऱ्हाईक कुरकुरते. तरी शब्दाला ठोकून आवाज ऐकल्याशिवाय तो पुढे पाठवायचा नाही, एवढे त्या चार पानांनी शिकवले.