३१ मार्चचा मागचा महिना

३१ मार्चच्या रात्री लिनक्सच्या शेलमध्ये डेट या कमांडला ‘एक महिन्यापूर्वीची तारीख दे’ असं सांगितलं, तर उत्तर ३ मार्च असं येतं. लीप वर्ष असेल तर २ मार्च. ही कमांड वापरणारी स्क्रिप्ट मग फेब्रुवारीच्या हिशेबाची फाइल मार्चच्या नावाने तयार करते, आणि तीही नेमकी त्या दिवशी, जेव्हा आपल्याकडे आर्थिक वर्ष संपत असतं. कमांडमध्येच चूक आहे असं वाटतं, पण तिने काय केलं ते पाहिलं की राग ओसरतो. तिने महिन्याच्या आकड्यातून एक वजा केला, त्यातून ३१ फेब्रुवारी ही तारीख निघाली. फेब्रुवारी २८ला संपतो, म्हणून उरलेले तीन दिवस तिने मार्चमध्ये मोजले. मॅकवर किंवा फ्रीबीएसडीवर याच नावाची कमांड हाच प्रश्न विचारल्यावर २८ फेब्रुवारी सांगते, कारण तिथला नियम वेगळा आहे: पोहोचायचा महिना छोटा असेल तर त्याचा शेवटचा दिवस धरायचा. हा नियम शहाणपणाचा वाटतो खरा, पण त्यालाही किंमत आहे. सामान्य वर्षात २८, २९, ३० आणि ३१ मार्च या चारही तारखा एक महिना मागे जाऊन २८ फेब्रुवारीवरच येतात, आणि तिथून पुन्हा एक महिना पुढे गेलं तर सगळ्या २८ मार्चला पोहोचतात. निघालो तिथे परत येण्याची सोय राहत नाही. दोन्ही कमांडी आपापल्या नियमाशी प्रामाणिक आहेत. गडबड प्रश्नात आहे. महिना हे मोजमाप नाही, ती २८ ते ३१ दिवसांची एक नाव दिलेली पिशवी आहे, आणि ‘एक महिना मागे’ याचा अर्थ कुणीतरी ठरवल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तो ठरवला नाही, म्हणून कमांडने ठरवला. तारखांची बहुतेक दुखणी याच जातीची असतात, असं माझं म्हणणं आहे. तिथे गणित चुकत नाही, निर्णय घ्यायचा राहून जातो.

मराठीत ‘परवा’ हा शब्द कालच्या आधीच्या दिवसालाही चालतो आणि उद्याच्या नंतरच्या दिवसालाही. तरीही ‘परवा आलो’ आणि ‘परवा येतो’ यांत कुणाचा गोंधळ होत नाही, कारण क्रियापद अर्थ सांभाळून घेतं. बोलणाऱ्याजवळ संदर्भ असतो, ऐकणाऱ्याजवळही तोच असतो. यंत्राजवळ यातलं काही नसतं. त्याच्याजवळ एक आकडा असतो: १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचपासून, किती सेकंद लोटले तो. हा आकडा पृथ्वीवर सगळीकडे एकच असतो. तो क्षण आहे. तारीख मात्र क्षण नव्हे. तारीख म्हणजे त्या क्षणाला एखाद्या ठिकाणच्या माणसांनी एखाद्या संकेतानुसार दिलेलं नाव. आकड्यापासून नावापर्यंत जाताना ठिकाण कुठलं, दिवस कुठे सुरू होतो, संकेत कुणाचा, हे प्रश्न वाटेत उभे असतात, आणि स्क्रिप्टमध्ये त्यांची उत्तरं लिहिलेली नसली तरी कुठून ना कुठून ती घेतली जातातच.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटण्याचं कारण नाही. पंचांगात सूर्योदयाला जी तिथी चालू असते ती त्या दिवसाची तिथी. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच सुरू होऊन संपली तर तिचा क्षय होतो, दोन सूर्योदय गाठले तर वृद्धी. म्हणून पंचांगाला ते कुठल्या गावच्या सूर्योदयावर बसवलं आहे हे सांगावं लागतं, आणि न्यू जर्सीतल्या मराठी घराला मुंबईच्या सूर्योदयावर केलेलं कॅलेंडर तसंच्या तसं लागू पडत नाही. महिन्यांचंही तसंच. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला, त्यामुळे तिकडचा श्रावण आपल्या आधी पंधरवडाभर लागतो. २०२३ साली श्रावण अधिक आला, तेव्हा नुसतं ‘पहिला श्रावणी सोमवार’ म्हणून भागलं नाही, ‘निज श्रावण’ म्हणावं लागलं. त्या ‘निज’ शब्दाकडे मी कारागिराच्या नजरेने पाहतो. एका शब्दाने संदिग्धता मिटते, आणि पुढे वाचणाऱ्याला तर्क करावा लागत नाही. स्क्रिप्टमध्ये तारीख काढताना वेळक्षेत्राचं नाव लिहिणं हे तेच काम आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो: भारतात एकच प्रमाणवेळ आहे, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची भानगड नाही, मग वेळक्षेत्राची एवढी चिंता कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक गृहीत लपलेलं आहे. भारतात माणसं एका वेळेवर चालतात, सर्व्हर चालतीलच असं नाही. बरेचसे सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर लावलेले असतात. आपल्याकडे मध्यरात्र झाल्यापासून पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदल्या दिवसाची तारीख असते. आता बॅकअप, हिशेबाची जुळणी, जुने लॉग साफ करणं ही कामं माणसं कधी लावतात? रात्री दोन-तीनला, गर्दी नसताना. म्हणजे तारीख चुकण्याची साडेपाच तासांची खिडकी आणि स्क्रिप्ट चालण्याची वेळ एकमेकींवर तंतोतंत बसतात. रात्री दोनचं काम अशा सर्व्हरच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत, साडेआठला, म्हणजे २०:३० असं लिहावं लागतं. ते सोमवारी पहाटे हवं असेल तर रविवार लिहावा लागतो, आणि फाइलच्या नावात आदल्या दिवसाची तारीख पडते. एरवी हे खपून जातं, १ एप्रिलच्या पहाटे मात्र फाइल मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. आणि अमेरिकेतल्या ग्राहकासाठी पुण्यात बसून काम करणाऱ्याला तर ‘आमच्याकडे नाही’ हे म्हणताच येत नाही. न्यूयॉर्क आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ. ९ मार्च २०२५ रोजी तिथे पहाटे अडीच कधी वाजलेच नाहीत, आणि २ नोव्हेंबरला रात्रीचा दीड दोनदा वाजला.

शिवाय ‘भारतात घड्याळ कधी हललं नाही’ हेही खरं नाही. लिनक्समध्ये आपल्या वेळेला आशिया/कोलकाता असं नाव आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेल्या आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळलेल्या वेळक्षेत्रांच्या नोंदवहीतलं ते नाव. त्या नोंदीत १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ हा युद्धाचा काळ ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे दाखवला आहे. १९०६च्या आधीच्या काही दशकांसाठी तिथे मद्रासची वेळ आहे, पाच तास एकवीस मिनिटं दहा सेकंद. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे होती, आणि १ जानेवारी १९०६ला देशाची प्रमाणवेळ लागू झाल्यावरही शहराने ती कित्येक वर्षं सोडली नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची मुंबईची एखादी नोंद आशिया/कोलकाता लावून यूटीसीत बदलली, तर ती अर्ध्या तासाने सरकते, आणि कमांड कुठलीही तक्रार करत नाही. निदान त्या नावामागे इतिहास तरी आहे. आयएसटी ही तीन अक्षरं लिहिली तर तेवढाही आधार राहत नाही, कारण ती भारताची आहेत, आयर्लंडची आहेत आणि इस्रायलचीही आहेत.

मग दुसरा आक्षेप: सगळं यूटीसीत ठेवा, दाखवताना फक्त स्थानिक वेळ दाखवा, प्रश्न मिटला. अर्ध्या बाबतीत हा सल्ला मला पूर्ण मान्य आहे. सर्व्हर कधी बंद पडला, फाइल कधी पोहोचली, व्यवहार कधी झाला, हे क्षण आहेत आणि ते यूटीसीतच राहावेत. पण जन्मतारीख हा क्षण नाही. बिल भरण्याची शेवटची तारीख हा क्षण नाही. १५ ऑगस्ट या तारखेला आपल्या मध्यरात्रीची वेळ चिकटवून तिचं यूटीसी केलं, तर ती १४ ऑगस्ट, संध्याकाळचे साडेसहा अशी होते, आणि पुढच्या कुणी त्यातला वेळेचा भाग कापून टाकला की हाती १४ ऑगस्ट उरते. माणसाचं वय एका दिवसाने वाढतं, बिलाची मुदत एक दिवस आधी संपते. ज्या गोष्टीला वेळक्षेत्र नव्हतंच, तिला ते बळेच चिकटवल्याची ही शिक्षा. म्हणजे यूटीसी हेही एक उत्तरच आहे, आणि ते देण्याआधी आपल्यासमोर क्षण आहे की तारीख हा प्रश्न विचारावाच लागतो.

लेखनपद्धतीतही असेच न घेतलेले निर्णय दडलेले असतात, आणि ते जास्त घातक, कारण ते काही दिवस बरोबर उत्तर देतात. ०५/०४/२०२५ म्हणजे आपल्याला ५ एप्रिल, लिनक्सवरच्या डेटला मात्र ४ मे. १५/०८/२०२५ दिलं तर ती चूक म्हणून नाकारते. महिन्याचे पहिले बारा दिवस ती निमूट उलटं वाचते आणि तेराव्या दिवशी अडते. वर्ष-महिना-दिवस हा क्रम मला प्रिय आहे तो यासाठी. १९८८ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून आलेल्या या पद्धतीत अक्षरक्रमाने लावलेल्या फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. पण महिना दोन आकडी लिहिल्याने बॅश या शेलमध्ये एक वेगळाच सापळा तयार होतो. तिथे दुहेरी कंसातल्या गणितात शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो, आणि अष्टमानात आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. आर्थिक वर्ष काढण्यासाठी महिना चार किंवा त्याहून मोठा आहे का असं कुणी एप्रिलमध्ये अशा कंसात लिहिलं, तर ते जुलैअखेर सुरळीत चालतं, १ ऑगस्टला कोसळतं आणि १ ऑक्टोबरला आपोआप बरं होतं. महिन्याआधी ‘हा दशमान आहे’ असं दहाच्या खुणेने सांगितलं की दुखणं संपतं. तसंच वेळेपुढे ‘अधिक ५ तास’ लिहिण्याचं. सकाळी दहा आणि त्यापुढे अधिक पाच असं दिलं, तर डेट त्या पाचाला ग्रीनिचपासूनचं अंतर समजते आणि उरलेल्या ‘तास’ शब्दासाठी फक्त एक तास मिळवते. आपल्या वेळेत उत्तर दुपारी तीनऐवजी साडेअकरा येतं. फाइंड या कमांडला ‘अधिक ७ दिवस’ जुन्या फाइली शोधायला सांगितल्या, तर ती चोवीस तासांचे पूर्ण गट मोजून अपूर्णांक सोडून देते, त्यामुळे किमान पूर्ण आठ दिवस झालेल्या फाइलीच हाती येतात.

हे सगळं ऐकल्यावर कुणीही म्हणेल की शेलमध्ये तारखा हाताळूच नयेत, पायथनसारखी भाषा घ्यावी. मोठ्या कामाला घ्यावीच. वाक्यरचनेचे सापळे तिथे नक्की कमी होतात. पण ३१ मार्चचा मागचा महिना तिथेही सुटत नाही. एखादी लायब्ररी २८ फेब्रुवारी देते, एखादी चूक दाखवून थांबते, आणि दोन्हींमागे कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. २९ फेब्रुवारी २०२४च्या आधीचं एक वर्ष डेट १ मार्च २०२३ला नेऊन ठेवते. भाड्याचा करार असेल तर ते चालेल की नाही हे करारावर ठरणार आहे, भाषेवर नाही. शेलची बाजू घ्यायची झाली, तर तिथे उपायही लहान असतो. मागच्या महिन्याचं नावच हवं असेल तर आधी चालू महिन्याची १५ तारीख घ्यावी आणि तिच्यातून महिना वजा करावा. लिनक्सच्या या कमांडची मार्गदर्शिका स्वतःच हे सुचवते. कालची तारीख हवी असेल तर दुपारी बाराचा आधार घेऊन मागे जावं, म्हणजे घड्याळ तासभर सरकलेल्या दिवशीही आपण योग्य दिवसावरच उतरतो. १५ आणि दुपारचे बारा, दोन्ही जागा कडेपासून दूर आहेत.

राहतो तो ‘आत्ता’. स्क्रिप्टमध्ये डेट जितक्या वेळा बोलावली जाते तितके ‘आत्ता’ तयार होतात. फोल्डरचं नाव २३:५९:५९ला ठरलं आणि फाइलचं पुढच्या सेकंदाला, तर ३१ तारखेच्या फोल्डरमध्ये १ तारखेची फाइल पडते. म्हणून आत्ता एकदाच, सुरुवातीलाच घ्यावा, त्याचं वेळक्षेत्र तिथेच लिहावं आणि पुढची प्रत्येक तारीख त्यातूनच काढावी. त्याहून चांगलं म्हणजे तो बाहेरून देता येईल अशी सोय ठेवावी, आणि कुणी दिला नाही तरच घड्याळाकडे पाहावं. मग ३१ मार्च, २९ फेब्रुवारी, ८ ऑगस्ट, १ एप्रिलच्या पहाटेचे दोन, या सगळ्यांची परीक्षा कुठल्याही मंगळवारी दुपारी घेता येते. आणि मध्यरात्री डिस्क भरली म्हणून काम अडलं, तर सकाळी दहाला कामावर आलेला माणूस तीच स्क्रिप्ट रात्री दोनचा ‘आत्ता’ देऊन पुन्हा चालवू शकतो. फाइल त्याच नावाने तयार होते, जे नाव तिला रात्री दोनला मिळालं असतं.