मळ आणि छाया

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायचे मावळे आमच्या घरी दरवर्षी विकत घेतले जात नसत. अण्णांनी एकदाच आणलेले प्लास्टरचे सहा मावळे पुढे कितीतरी वर्षे पुरले. दर दिवाळीच्या आधी अण्णा पोस्टर कलरने त्यांचे फेटे आणि अंगरखे ताजे करीत. अण्णा गेल्यानंतर ते सहाही जण कापसात गुंडाळलेले माझ्याकडे आले. गेल्या वर्षी ते नव्याने रंगवावेत असे मी ठरवले. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या एलिमेंटरीच्या परीक्षेपुरताच होता. जुना रंग मळकट दिसत होता, जागोजागी बुरशीसारखे ठिपके होते. ओल्या बोळ्याने पुसून पाच मावळे मी पांढरेशुभ्र केले. सहावा डब्यात तसाच राहिला.

वाळल्यावर त्या पाचांवर प्रायमर देऊन अॅक्रिलिकचे सपाट रंग भरले. रेषेबाहेर कुठे रंग गेला नव्हता, तरी आकृत्या निर्जीव वाटत होत्या. याचे कारण पुढे उमगले. चार बोटे उंचीच्या आकृतीवरच्या घड्या इतक्या उथळ असतात की खोलीतल्या उजेडात त्यांची सावली जवळजवळ पडतच नाही. माणसाच्या अंगावर जे काम सूर्य करतो, ते येथे रंगवणाऱ्याला करावे लागते. प्रकाश कुठून येतो हे आधी ठरवायचे आणि मग तो रंगवायचा.

माझ्या चुका नवशिक्याच्या नेहमीच्याच होत्या. छाया म्हणजे काळोख असे समजून मी लाल रंगात काळा मिसळला. अंगरखा काजळी धरल्यासारखा झाला. उजाळा म्हणजे पांढरा असे समजून फेट्याच्या लालात पांढरा मिसळला. फेटा गुलाबी झाला. लालाची छाया तपकिरीकडे झुकते आणि त्याचा उजाळा नारिंगीकडे, हे दोन मावळे बिघडल्यावर कळले. पाण्यासारखा पातळ केलेला गडद रंग वरून सोडला की तो आपणहून घड्यांत उतरतो, हे पाहून तर मी हरखलेच. पण त्याचे थेंब उंचवट्यांवर तसेच वाळले आणि डागांची वर्तुळे उमटली. जास्तीचा रंग कोरड्या कुंचल्याने लगेच टिपून घ्यावा लागतो.

सर्वांत मोठी चूक मात्र उत्साहाची होती. उजाळा जमू लागल्यावर प्रत्येक घडीवर, प्रत्येक कडेवर मी तो दिला. त्यामुळे आकृती उजळली नाहीच, उलट पुन्हा सपाट झाली. मला आमच्या विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तके आठवली. त्यांत प्रत्येक ओळ अधोरेखित केलेली असते, म्हणजे वास्तविक एकही नसते. समीक्षा लिहितानाही आपण हेच करत नाही काय? मूळ रंग बराचसा तसाच सोडून खांदा, फेट्याचा माथा, नाकाचा शेंडा एवढ्याच जागा उजळल्या, तेव्हा हात लांब करून धरलेला मावळा प्रथमच उभा राहिलेला दिसला.

याच सुमारास विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातले चित्रसूत्र पुन्हा चाळले. पदव्युत्तर वर्गाला कलाविचार शिकवताना मी त्यातील ‘वर्तना’ ही संज्ञा अनेकदा फळ्यावर लिहिली आहे. वर्तना म्हणजे छायांकन. तिचे तीन प्रकार तेथे सांगितले आहेत. त्यांतली पत्रज वर्तना पानावरच्या शिरांसारख्या रेषांनी साधते, तर बिंदुज वर्तना ठिपक्यांनी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे नाक उठून दिसते तेही छाया आणि उजाळा यांच्याच बळावर. शब्द मला ठाऊक होते, पण ते कधी माझ्या हातात उतरले नव्हते.

मग मी सहावा मावळा पुसायला घेतला. मुलगी शेजारी बसली होती. “आई, बुरशी फक्त एकाच बाजूला कशी गं लागते?” तिने विचारले. मी तो दिव्याखाली धरला. ठिपके तपकिरी होते. काखेत आणि फेट्याच्या वळ्यांत ते दाट होते, बाहेर येताना विरळ होत गेले होते. ती बुरशी नव्हती, मळही नव्हता. अण्णा पोस्टात कारकून होते; चित्रसूत्राचे नावही त्यांनी ऐकले नसावे. बारीक कुंचल्याच्या टोकाने, दर दिवाळीच्या आधी, ते छाया देत होते. आणि त्यांतल्या पाच जणांवरची ती छाया मी मोठ्या मायेने पुसून टाकली होती.

सहाव्याला मी हात लावलेला नाही. मावळा समोर धरला की त्याच्या उजव्या अंगाला छाया दिसते, म्हणजे उजेड डावीकडून. जुन्या घरात अण्णा रंगवायला बसत, तिथे खिडकी त्यांच्या डाव्या हाताला होती. बाकीचे पाच आता पुन्हा रंगवते आहे. उजेड त्याच खिडकीतून घेतला आहे.